बावीस गुणधर्म, पण वेगळे किती?

शाळेच्या गणित प्रदर्शनात हमखास दिसणारा एक तक्ता असतो. वर ठळक अक्षरांत एखादी भली मोठी संख्या आणि खाली तिच्या गुणधर्मांची यादी. पूर्वी अशी यादी करायला मुलांना पाटी-पेन्सिल घेऊन बसावे लागे. आता संगणकाला संख्या सांगितली की तो यादी छापूनच देतो. त्यामुळे तक्ते वाढले आणि याद्याही लांबल्या.

काही वर्षांपूर्वी अशा एका प्रदर्शनात मी परीक्षक होतो. नववीतल्या एका मुलीने २,१४,७४,८३,६४७ या संख्येचा तक्ता आणला होता. नोंदी होत्या बावीस. अक्षर सुरेख, एकही नोंद चुकीची नाही. मी पहिला क्रमांक दिला. बक्षीस घेताना तिने विचारले, "सर, यातला सगळ्यात महत्त्वाचा गुणधर्म कोणता?" मी म्हणालो, "सगळेच महत्त्वाचे." ती गप्प झाली आणि निघून गेली. घरी येईपर्यंत मला कळून चुकले होते की प्रश्न बरोबर होता आणि उत्तर टाळाटाळीचे होते. ही समीक्षा त्या तक्त्याची आहे, त्या प्रकारच्या सगळ्या तक्त्यांची आहे आणि परीक्षकाचीही आहे.

प्रथम तक्त्यात काय होते ते पाहू. ही संख्या मूळ संख्या आहे. तिला दोनच विभाजक आहेत. त्या विभाजकांची बेरीज २,१४,७४,८३,६४८ आहे. त्यांची सरासरी पूर्णांकात येते. ती 'न्यून' संख्या आहे, म्हणजे स्वतःला वगळून उरलेल्या विभाजकांची बेरीज तिच्यापेक्षा कमी आहे. ती परिपूर्ण संख्या नाही. १ सोडून कोणत्याही वर्गसंख्येने तिला भाग जात नाही. तिच्याहून लहान आणि तिच्याशी सहमूळ अशा संख्या २,१४,७४,८३,६४६ आहेत. ती 'हर्षद' नाही, म्हणजे तिच्या अंकांच्या बेरजेने तिला भाग जात नाही. येथवर नऊ नोंदी झाल्या.

आता या नऊ नोंदी पुन्हा वाचा. पहिली नोंद खरी आहे एवढे कळल्यावर उरलेल्या आठांपैकी कोणती नवी माहिती देते? एकही नाही! मूळ संख्या म्हटली की विभाजक दोनच. दोनच विभाजक म्हटले की त्यांची बेरीज संख्येपेक्षा एकाने मोठी. विषम मूळ संख्या असेल तर ती बेरीज सम, म्हणून सरासरी पूर्णांक. स्वतःला वगळले की विभाजक उरतो फक्त १, म्हणून ती न्यून आणि म्हणूनच परिपूर्ण नव्हे. हर्षदाचीही तीच गत. दोन किंवा अधिक अंकी मूळ संख्येच्या अंकांची बेरीज १ पेक्षा मोठी आणि संख्येपेक्षा लहान असते, मग तिने भाग जाणार कसा? म्हणजे ११ पासून पुढची कोणतीही मूळ संख्या हर्षद असू शकत नाही. हे वाक्य तक्त्यावर असते तर मी टाळी वाजवली असती. तक्त्यावर होते ते फक्त "हर्षद नाही". एकाच माणसाला मामा, काका, आत्याचा नवरा अशा नऊ नावांनी हाक मारून नऊ पाहुणे आले असे सांगण्यासारखे हे झाले.

पुढच्या दहा नोंदींचे मूळ वेगळे आहे. आपली संख्या म्हणजे २ च्या ३१ व्या घातातून १ वजा केल्यावर येणारी संख्या. सोयीसाठी २ च्या 'प' व्या घातातून १ वजा करून येणाऱ्या संख्येला आपण म(प) म्हणू. 'म' हे अक्षर फ्रेंच धर्मगुरू मर्सेन याच्या नावातले. म(२) म्हणजे ३, म(३) म्हणजे ७, म(५) म्हणजे ३१ आणि आपली संख्या म(३१). द्विमान पद्धतीत ती लिहायला ओळीने एकतीस वेळा १ लिहायचा, बस्स. हे कळले की ती विषम आहे हे वेगळे सांगायला नको. विषम असल्यामुळे ती दोन लागोपाठच्या संख्यांची बेरीज आहे आणि त्याच दोन संख्यांच्या वर्गांची वजाबाकीही आहे (हे तर ७ बद्दलही खरे आहे: ३ + ४, आणि १६ − ९). द्विमानात ती उलटसुलट सारखीच वाचता येते, हेही उघड आहे. ३२ बिटांच्या संगणकात मावणारी ती सर्वांत मोठी चिन्हांकित पूर्णांक संख्या आहे, अशीही एक नोंद होती. तीही याच गटातली. तिच्याकडे नंतर येऊ.

याच गटात "ही ओंगळ संख्या आहे" अशी नोंद होती. येणारे-जाणारे पालक ती वाचून हसत होते. द्विमानात लिहिल्यावर १ हा अंक सम वेळा आला तर त्या संख्येला इंग्रजीत 'दुष्ट' अशा अर्थाचे आणि विषम वेळा आला तर 'ओंगळ' अशा अर्थाचे नाव आहे. सम आणि विषम यांच्या इंग्रजी शब्दांची पहिली अक्षरे या नावांशी जुळतात, एवढीच त्यातली गंमत. ती शाब्दिक कोटी आहे. मराठीत आणताना कोटी गळून पडली आणि नुसती शिवी उरली. नावाचे भाषांतर केले म्हणजे कल्पना समजली असे होत नाही, याचे इतके चांगले उदाहरण मला दुसरीकडे सापडलेले नाही.

या गटातल्या दोन नोंदी मात्र खरोखर श्रीमंत आहेत आणि तक्त्यात त्या अगदी तळाशी होत्या. ही संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात मांडता येत नाही, तीन वर्गांच्याही नाही. कारण आठवीच्या मुलालाही पटेल असे आहे. कोणत्याही वर्गसंख्येला ८ ने भागा, बाकी ०, १ किंवा ४ एवढीच येते. आठही शक्यता तपासून मुलांनाच पाहू द्या. आता या तीन बाक्यांपैकी कोणत्याही तीन घेऊन (पुन्हापुन्हा घेतल्या तरी चालेल) बेरजेची बाकी ७ आणून दाखवा. येत नाही. आपल्या संख्येला ८ ने भागले की बाकी ७ उरते, कारण २ च्या ३१ व्या घाताला ८ ने नि:शेष भाग जातो आणि आपण त्यातून १ कमी केला आहे. झाली सिद्धता. दोन अब्जांच्या संख्येबद्दल, संगणकाला हात न लावता, आपण एक अशक्यता सिद्ध केली. ही गोष्ट ७, १५, २३, ३१ या संख्यांनाही तशीच लागू आहे. म्हणजे गुणधर्म एकट्या संख्येचा नसून एका कुळाचा आहे. संख्या जितकी मोठी, तितके हे कुळ ओळखणे कामाचे.

उरलेल्या तीन नोंदी दशमान लेखनाच्या: संख्या दहा अंकी आहे, अंकांची बेरीज ४६ आहे आणि ती 'दुःखी' आहे. शेवटच्या शब्दाचा अर्थ असा की अंकांच्या वर्गांची बेरीज करत गेले तर ती १ वर पोहोचत नाही. येथे २६०, ४०, १६, ३७ असे करत गाडी एका न संपणाऱ्या फेऱ्यात अडकते.

म्हणजे बावीस नोंदींचे तीन झुबके झाले: मूळ असल्यामुळे नऊ, घडणीमुळे दहा आणि दशमान लेखनामुळे तीन. पण तक्त्यावर प्रत्येक नोंदीला सारखाच ठिपका, सारखेच अक्षर. "दहा अंकी आहे" आणि "मूळ आहे" या दोन वाक्यांमध्ये किती अंतर आहे याचा पत्ताच नाही. पत्रिका जुळवताना छत्तीसपैकी किती गुण जमले ते मोजावे, तशी ही मोजणी. पहिले वाक्य कळायला दहा बोटे पुरतात. दुसरे कळायला माणसाला किती वेळ लागला ते आता पाहू.

म(प) मूळ असायची असेल तर प मूळ असावाच लागतो. प संयुक्त असला, समजा ६, तर म(६) म्हणजे ६३ ला म(२) आणि म(३) यांनी भाग जातो. पण उलट बाजू खरी नाही. प मूळ असूनही म(प) संयुक्त असू शकते. पहिला दगा ११ देतो: म(११) = २०४७ = २३ × ८९. इटलीतल्या काताल्दीने म(१७) आणि म(१९) मूळ असल्याचे दाखवले ते प्रामाणिक भागाकार करून. १९ साठी वर्गमूळ ७२४ पर्यंत येते आणि तेवढ्या मूळ संख्यांचा तक्ता त्याच्याजवळ होता. मग १६०३ मध्ये त्याने २३, २९, ३१ आणि ३७ हे घातांकही यादीत घालून टाकले. त्यांतला एकच बरोबर निघाला, ३१. बाकीचे तीन चुकले. २३ आणि ३७ ची चूक फर्माने १६४० मध्ये दाखवली आणि २९ ची ऑयलरने १७३८ मध्ये. म(२३) ला ४७ ने भाग जातो. ४७ ही काही मोठी संख्या नव्हे! काताल्दीच्या तक्त्यात ती होतीच. त्याने भाग देऊन पाहिला नाही, इतकेच. ३१ बद्दल तो बरोबर होता, पण ते बरोबर असणे आपण ज्ञान मानायचे का? मी मानत नाही. वर्गात उत्तर बरोबर आले आणि रीत कोरी असली तर आपण किती गुण देतो ते आठवा.

ऑयलरने म(३१) चा निकाल लावला. ते १७७२ मध्ये छापले गेले. तेव्हा तो सेंट पीटर्सबर्गला होता आणि जवळपास पूर्ण अंध झाला होता. आपल्या संख्येचे वर्गमूळ ४६,३४० च्या थोडे पुढे जाते. तिथवरच्या साऱ्या मूळ संख्यांनी भाग देऊन पाहायचा म्हटले तर साडेचार हजारांहून अधिक भागाकार करावे लागतात. ऑयलरने आधी विचारले, विभाजक असलाच तर तो कसा असेल?

छोट्या उदाहरणाने पाहू. २०४७ चा विभाजक २३ घ्या. २ च्या घातांना २३ ने भागत जा. बाक्या येतात २, ४, ८, १६, ९, १८, १३, ३, ६, १२, १ आणि मग पुन्हा २. अकरा पावलांचा फेरा. तो अकराचाच असणार, कारण २ च्या ११ व्या घातातून १ वजा केल्यावर २३ ने भाग जातो आणि ११ मूळ असल्यामुळे त्याहून लहान फेरा बसत नाही. फर्माचे प्रमेय सांगते की २३ च्या बाबतीत फेऱ्याची लांबी २२ ला नि:शेष भागणारी असली पाहिजे. ११ ने २२ ला भाग जातो, जमले. ८९ चेही तसेच, ८८ ला ११ ने भाग जातो. हाच युक्तिवाद म(३१) ला लावा. तिचा कोणताही मूळ विभाजक घेतला तर त्यातून १ वजा करून येणाऱ्या संख्येला ३१ ने भाग गेला पाहिजे. विभाजक विषम असल्याने २ नेही, म्हणजे ६२ ने. म्हणून उमेदवार फक्त ६३, १२५, १८७, २४९ अशा चालीचे. दुसरी अट अशी की विभाजकाला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च यावी. या अटीचे कारण थोडे वरच्या इयत्तेचे आहे, ते येथे सोडतो. दोन्ही अटी एकत्र केल्या की २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ येणारेच उमेदवार उरतात. म्हणजे दर २४८ संख्यांत दोन. ४६,३४० पर्यंत असे उमेदवार पावणेचारशेच्या आसपास भरतात आणि त्यांतल्या संयुक्त संख्या काढून टाकल्या की शंभरही उरत नाहीत. तेवढ्यांनी भाग देऊन पाहिला. जात नाही. म्हणून मूळ.

ही चाळणी घेऊन पुन्हा काताल्दीकडे जा. म(२३) साठी उमेदवार ४६ च्या पटीत १ मिळवून येतात. पहिलाच उमेदवार ४७! पहिल्याच भागाकाराला तो पकडला गेला असता. म(३७) साठी ७५, १४९, २२३, तिसऱ्यावर सापडला. म(२९) साठी ५९, ११७, १७५, २३३, चौथ्यावर. वर्गात हे तीन भागाकार मुलांकडून करून घ्यायला एक तास पुरतो आणि त्या तासात मुलांना चारशे वर्षांपूर्वीच्या पंडिताची चूक काढल्याचा आनंद मिळतो.

ऑयलरच्या निकालानंतर पाऊणशे वर्षांहून अधिक काळ ही संख्या ज्ञात मूळ संख्यांत सर्वांत मोठी राहिली. तिच्यामुळे एक परिपूर्ण संख्याही हाती आली: तिला २ च्या ३० व्या घाताने गुणले की २३०५८४३००८१३९९५२१२८ ही एकोणीस अंकी संख्या मिळते आणि तिच्या सर्व लहान विभाजकांची बेरीज तीच येते. १८११ मध्ये इंग्लंडच्या पीटर बार्लोने या परिपूर्ण संख्येबद्दल लिहिले की हिच्याहून मोठी बहुधा कधी कोणी शोधणार नाही, कारण या संख्या नुसत्या कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत. १८७६ मध्ये फ्रान्सच्या ल्यूकाने ३९ अंकी म(१२७) मूळ असल्याचे दाखवले आणि २०२४ अखेर अशा मूळ संख्यांची यादी ५२ वर गेली. त्या वर्षी सापडलेल्या संख्येला चार कोटी दहा लाखांहून जास्त अंक आहेत. बार्लोचा अंदाज चुकला याचे मला फारसे नवल नाही. त्याने दिलेले कारण जास्त गमतीचे आहे. लोक उपयोगासाठीच शोधतात, असे त्याने गृहीत धरले.

ल्यूकाची रीत पुढे लेमरने सोपी केली. तिच्यात विभाजक शोधावाच लागत नाही. ४ पासून सुरुवात करा, वर्ग करून २ वजा करा, म(प) ने भागून बाकी घ्या, पुन्हा तेच. हे 'प उणे दोन' वेळा केल्यावर बाकी शून्य आली तर संख्या मूळ. म(५) साठी तीन पावले: ४ वरून १४, मग १९४ म्हणजे ३१ ने भागून बाकी ८, मग ६२ म्हणजे बाकी ०. ३१ मूळ. म(३१) साठी अशी एकोणतीस पावले पुरतात.

आता संगणकाच्या नोंदीकडे येऊ. "ही मर्सेन मूळ संख्या असल्याने संगणकात वापरली जाते", असे वाक्य मी एकाहून अधिक ठिकाणी वाचले आहे. ते चूक आहे. ३२ पैकी एक बिट चिन्हासाठी गेला की उरलेल्या ३१ जागांत मावणारी सर्वांत मोठी संख्या म(३१) असते. ती मूळ असो वा नसो, ती तीच राहणार. १६ बिटांच्या संगणकात हीच जागा म(१५) म्हणजे ३२,७६७ ची होती आणि ती ७ × ३१ × १५१ आहे. ६४ बिटांत म(६३) येते. ६३ हा ३ च्या पटीत असल्याने तिलाही ७ ने भाग जातो. तेव्हा १९७० च्या आरंभापासून सेकंद मोजणारी जुन्या धाटणीची ३२ बिटांची घड्याळे १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी, याच संख्येवर येऊन भरतील आणि पुढच्या सेकंदाला उलटी पडतील, यात मूळपणाचा काही दोष नाही. मूळपणा खरोखर कामाला आला तो दुसरीकडे. १९६९ मध्ये मांडलेल्या एका रीतीत आधीच्या संख्येला १६,८०७ ने (७ चा पाचवा घात) गुणायचे आणि म(३१) ने भागून बाकी घ्यायची, की यादृच्छिक भासणाऱ्या संख्यांची माळ तयार होते. ती माळ दोन अब्जांहून अधिक पावले पुन्हा सुरुवातीवर येत नाही, त्यामागे म(३१) मूळ असणे हे कारण आहे. ती ३२ बिटांत नेमकी बसते, ही सोय. दोन वेगळे झुबके येथे एकत्र आले. तक्त्याने ते सांगितले असते तर नोंद सोन्याची झाली असती.

दशमानातल्या तीन नोंदींना मी येथवर कमी लेखले असे वाटेल. गणितज्ञांत तशी परंपराच आहे. हार्डीने १९४० च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ यांची उदाहरणे दिली होती. पहिली संख्या २१७८ च्या चौपट, दुसरी १०८९ च्या नऊपट, म्हणजे आपल्याच उलट्या रूपाच्या पटीत. चार अंकी संख्यांत अशा दोनच. हार्डीचा शेरा असा की हे कोड्यांच्या सदरात शोभून दिसेल, गणितज्ञाला यात काही नाही. मुद्दा समजण्यासारखा आहे. आपल्याला दहा बोटे आहेत म्हणून आपण दशमान वापरतो. बोटे आठ असती तर ही गंमत नाहीशी झाली असती, पण म(३१) मूळच राहिली असती.

तरी मी हार्डीशी पूर्ण सहमत नाही, आणि त्याचे कारण देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) आहेत. त्यांचा सारा संसार दशमान अंकांवर उभा होता. ६१७४ सर्वांना माहीत आहे, हर्षद हे नावही त्यांचेच. त्यांची दुसरी एक कल्पना आपल्या संख्येला लावून पाहू. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. ९१ मध्ये १० मिळवले की १०१. म्हणजे ९१ ही १०१ ची जनक. पण १०० मध्ये १ मिळवूनही १०१ च येतात. दोन जनक असलेल्या अशा संख्येला कापरेकर 'जंक्शन' म्हणत आणि जिला जनकच नाही ती 'स्वयंभू'. २० स्वयंभू आहे, ३१ सुद्धा.

म(३१) ला जनक आहे का? दोन अब्ज संख्या तपासायच्या का? नाही. संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांना ९ ने भागले की बाकी सारखीच येते. जनकाच्या अंकांची बेरीज 'ब' असेल तर जनकात 'ब' मिळवून म्हणजे बाकीच्या हिशोबात 'ब' ची दुप्पट होऊन, आपल्या संख्येची बाकी आली पाहिजे. आपल्या अंकांची बेरीज ४६, म्हणून बाकी १. दुपटीची बाकी १ यायची तर 'ब' ची बाकी ५ हवी. जनक दहा अंकी आणि पहिला अंक २, म्हणून 'ब' ८३ पेक्षा मोठा नाही. उरले ५, १४, २३, ३२, ४१, ५०, ५९, ६८ आणि ७७. नऊ उमेदवार! प्रत्येक वजा करून अंकांची बेरीज जुळते का ते पाहा. ४१ ला जुळते: २१४७४८३६०६ च्या अंकांची बेरीज ४१. आणि ५० लाही जुळते: २१४७४८३५९७ च्या अंकांची बेरीज ५०. बाकी कोणी जुळत नाही. म्हणजे म(३१) जंक्शन आहे आणि तिचे जनक बरोबर दोन आहेत. तक्त्यात ही नोंद नव्हती. असती तर बावीसच्या तेवीस झाल्या असत्या, एवढेच.

पण रीत पाहा. बाकीची अट लावून अब्जावधी शक्यतांतून नऊ उमेदवार वेगळे काढायचे आणि मग तेवढेच हाताने तपासायचे. ऑयलरने २४८ ची चाळणी लावली तेव्हा वेगळे काय केले? फळ वेगळे, अवजार तेच. कापरेकरांच्या गुणधर्मातून संख्येच्या अंतरंगाबद्दल फारसे कळत नाही हे मी मान्य करतो. पण सातवीच्या मुलाच्या हाती ते अवजार देण्याचा त्याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही. हार्डीला वर्गावर सातवी नव्हती. फक्त एक सावधगिरी हवी. घातांक ३१ स्वयंभू आणि म(३१) जंक्शन, यात काही गूढ नाते आहे असे मुले लगेच म्हणतात. नाही. तो योगायोग आहे, आणि योगायोगाला योगायोग म्हणायला शिकवणे हेही आपलेच काम.

पुढच्या वर्षी ती मुलगी दहावीत होती. तिचा तक्ता शाळेच्या वाचनालयात अजून टांगलेला होता. मी तो उतरवून घेतला आणि दोघांनी मिळून एक खेळ केला. ठिपके खोडायचे आणि ज्या नोंदीवरून जी नोंद निघते तिकडे बाण काढायचा. "मूळ" वरून आठ बाण निघाले. "म(३१)" वरून नऊ. अंकांवरून हर्षदाकडे जाणारा एक बाण तिने स्वतः सुचवला, कारण ते उत्तर मूळपणा आणि अंकलेखन या दोन्हींना मिळून लागते. तो माझ्या ध्यानात आला नव्हता. शेवटी तिने "म(३१)" वरून "मूळ" कडे बाण काढायला पेन्सिल टेकवली आणि थांबली.

"हा काढता येत नाही ना, सर? म(२३) पण तशीच दिसते, आणि ती फुटते."

मी म्हणालो, नाही येत.

"मग ३१ का फुटत नाही?"

मी तिला पावणेचारशे उमेदवारांची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, हे तर भाग देऊन पाहिले, कारण नाही सांगितले. अशा मूळ संख्या अनंत आहेत की कुठेतरी संपतात हेदेखील अजून कोणाला सिद्ध करता आलेले नाही, असे मी सांगितल्यावर तिने पेन्सिल उचलली, त्या दोन नोंदींमधली जागा तशीच रिकामी ठेवली आणि तीत एक प्रश्नचिन्ह काढले.